क्रीडन्सवाला व्याही

अकोला
११ ऑगस्ट २०२४

प्रिय धर्म्या,
जयभीम.

तुझं पत्र मिळालं. वाचताना आधी हसू आलं, मग तुझी कीव आली. सुभद्रेनं विचारलं, "काय लिवलं भाऊजीनं?" मी म्हटलं, "काही नाही, क्रीडन्स." ती म्हणाली, "मंग राहू द्या," आणि वांगी चिरायला बसली.

आपला करार पक्का आहे. बीपी, पेन्शन, पोरांच्या नोकऱ्या, हे सगळं फोनवर. अमेरिकेतला आजवरचा सर्वांत मोठा रॉक बँड कोणता, हे मात्र पत्रातच. तू धामणगाव रेल्वेला वीज खात्यात होतास आणि मी हिवरखेडला फिजिक्स शिकवत होतो, तेव्हा एसटीडी फोन परवडत नव्हता म्हणून पत्रं. आता फोन जवळजवळ फुकट आहे, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्रं.

तर मुद्दा असा. तुझ्या त्या क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलचं एकही गाणं अमेरिकेच्या यादीत पहिल्या नंबरवर गेलं नाही. पाच वेळा दुसरा नंबर! आमच्या कॉलेजात असं पोरगं असलं की आम्ही त्याला उत्तेजनार्थ पेन द्यायचो. आता माझे ईगल्स बघ. चार गळे असे मिसळतात की कोणता कोणाचा ते कळत नाही. ड्रम वाजवणारा ड्रम वाजवता वाजवता गातो. तुझ्याकडे सगळा कारभार एकाच माणसाचा. तोच लिहितो, तोच गातो, गिटारही तोच वाजवतो. बाकीचे तिघे मांडवाचे बांबू धरून उभे असल्यासारखे. याला बँड म्हणायचं की ग्रामपंचायत?

अनुप या शनिवारी पुन्हा अमरावतीला येतोय. बँकेचं काही काम आहे म्हणे. त्याला जेवल्याशिवाय सोडू नका. ज्योत्स्नावहिनींना जयभीम, हर्षाला आशीर्वाद.

तुझा,
देवमन


अमरावती
२० ऑगस्ट २०२४

अबे देवमन,
जयभीम.

तुझं पत्र म्हणजे नुसता हवेचा फुगा. क्रीडन्सनं एका वर्षात तीन रेकॉर्ड काढल्या. तुझे ईगल्स एकेक रेकॉर्ड वर्षानुवर्षं घासत बसायचे. गाणं होतं की दिवाळीचं पितळी भांडं? स्टेजवर तर ते पुतळ्यासारखे उभे राहतात. एकाला तरी घाम आलेला दाखव, मी तुझ्या घरी येऊन भांडी घासतो. चार गळे मिसळतात हा तू गुण समजतोस, आमच्याकडे त्याला खिचडी म्हणतात.

माझा माणूस ओरडतो तेव्हा कसं वाटतं सांगू? वादळात लाईन गेली आहे, सगळं गाव अंधारात आहे, आणि हा एकटा पोलवर चढला आहे. हे तुला कळणार नाही. तू आयुष्यभर खडू धरलास.

आता खरी बातमी, खुर्चीला धरून बस. तुझा पोरगा आमच्या पक्षात आला.

हो, अनुप. हल्ली दर शनिवारी येतो आणि आल्या आल्या म्हणतो, "काका, क्रीडन्स लावा." मी कॅसेट लावतो, तो डोळे मिटून ऐकतो. त्याला बघून आमची हर्षाही सुधारली. एरवी टेप सुरू झाला की ती आपल्या दातांच्या दवाखान्यात निघून जायची. आता बाजूच्या खुर्चीत बसून पूर्ण बाजू ऐकते. परवा मी दोघांना गिटारचा एक बारकावा समजावून सांगत होतो, तर इतके तल्लीन झाले होते की हूं की चूं नाही. बाजू संपली, टेप खटकन बंद पडला, तरी दोघांना किती तरी वेळ पत्ताच नाही. याला म्हणतात संगीताचा असर! ज्योत्स्ना स्वयंपाकघरात हसून राहिली होती. कावून हसते ते काही सांगितलं नाही तिनं.

एका महिन्यात दोन माणसं फिरवली. तू एवढ्या वर्षांत सुभद्रावहिनींनाही ईगल्सकडे वळवू शकला नाहीस.

धर्मपाल


अकोला
२८ ऑगस्ट २०२४

धर्म्या, गाढवा,

पोरगं क्रीडन्स ऐकायला येत नव्हतं!

रविवारी जेवताना अनुपनं तोंड उघडलं. म्हणाला, "बाबा, मले हर्षासंग लग्न करायचं हाय. तिचंबी हो हाय." सुभद्रा तव्यावरची पोळी विसरली. मला आनंद व्हायला पाहिजे होता, पण आधी तुझं पत्रच आठवलं. मी विचारलं, "अबे, मग त्या क्रीडन्सचं काय?" तो म्हणाला, "बाबा, तितकं तं सहन करावंच लागते."

ऐकलंस? तितकं सहन करणारा जावई तुला उभ्या वऱ्हाडात सापडणार नाही. वहिनींना सगळं ठाऊक होतं, सुभद्रेलाही अंदाज होता. तल्लीन होऊन गिटारवर प्रवचन देणारा फक्त तूच होतास.

धर्म्या, मला फार आनंद झाला आहे. हॉस्टेलात एका टेपरेकॉर्डरवरून आपण मारामारीवर आलो होतो, आणि आता आपली पोरं एका घरात राहणार. येत्या रविवारी आम्ही तिघं येतो. वादाचा विषय त्या दिवशी बंद, असं सुभद्रेनं बजावलं आहे. मी हो म्हटलंय, पण माझा भरवसा नाही.

तुझा,
देवमन


अमरावती
२४ ऑक्टोबर २०२४

आदरणीय व्याहीबुवा श्री. देवमनराव तेलगोटे साहेब यांस,
धर्मपाल खंडारे याचा सविनय जयभीम.

पत्रास कारण की, चि. हर्षा व चि. अनुप यांच्या साक्षगंधाचा, अर्थात साखरपुड्याचा, कार्यक्रम आपल्या सहकार्याने उत्तम प्रकारे पार पडला. आमच्याकडून पाहुणचारात काही उणे राहिले असल्यास आपण मोठ्या मनाने पोटात घालावे. लग्नाची तारीख आपल्या सोयीने ठरवावी. आपण ठरवाल ती आम्हास मान्य राहील.

तसेच, ईगल्स या बँडविषयी आपण आजवर जे प्रतिपादन केले, त्यावर शांतपणे विचार केला असता ते योग्यच असल्याचे ध्यानी आले. सदर बँड हाच अमेरिकेतील सर्वश्रेष्ठ होय. क्रीडन्सबाबत आमच्याकडून पूर्वी जे लिहिले गेले, ते अज्ञानातून लिहिले गेले.

सौ. विहीणबाईंना नमस्कार सांगावा. कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
धर्मपाल खंडारे


अकोला
२९ ऑक्टोबर २०२४

धर्म्या,

पोस्टमननं दुसऱ्याच कुणाचं पत्र दिलं असं वाटून मी पाकीट दोनदा उलटंसुलटं केलं. अक्षर तुझंच. सुभद्रेला वाचून दाखवलं, तर ती म्हणते, "भाऊजीची तब्येत बरी नाई वाटते. शुगर तपासा म्हना."

'सर्वश्रेष्ठ होय' म्हणे! तू आयुष्यात कधी 'होय' म्हणाला आहेस का? ज्या वाक्याची मी हॉस्टेलपासून वाट पाहिली, ते शेवटी आलं, आणि मला जेवण गेलं नाही. ईगल्स लावून पाहिले, तेही बेचव लागले.

ही काहीतरी नवी चाल असणार. ठीक आहे, मग हेही मान्य कर. तुझ्या क्रीडन्सचा माणूस गातो, की पोळ्यात बैल बुजल्यावर मालक ओरडतो, ते सांगता येत नाही. आणि ती पोरं कॅलिफोर्नियाची असून गाणी म्हणतात लांब दक्षिणेतल्या दलदलीची. म्हणजे आमच्या अकोल्याच्या माणसानं समुद्रात जाळं टाकल्याची गाणी म्हणावी. सगळा बँडच नकली!

बोल आता. मी वाट पाहतोय.

देवमन


अमरावती
६ नोव्हेंबर २०२४

आदरणीय व्याहीबुवा,
सविनय जयभीम.

आपले पत्र पावले. बैलाचा दृष्टांत अतिशय समर्पक आहे. दलदलीबाबतचे निरीक्षणही मार्मिक आहे. कॅसेटी सर्व माळ्यावर ठेवल्या आहेत. बैठकीत बरीच जागा मोकळी झाली.

थंडी सुरू झाली आहे, आपण प्रकृती जपावी.

आपला नम्र,
धर्मपाल खंडारे


अमरावती
९ नोव्हेंबर २०२४

देवमनकाका,
जयभीम.

मी तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे. फोनच करणार होते, पण अनुप म्हणाला की हा विषय तुमच्या घरात पत्रानंच निघतो.

साक्षगंधाच्या दिवशी जेवणाच्या पंगतीत तुम्ही बाबांना मोठ्यानं म्हणाला होतात, "ईगल्सवाले जेवायला बसले, आता क्रीडन्सवाल्यांनी वाढावं." बाबा म्हणाले, "अबे चूप बस, तुले कोनं बोलावलं?" सगळे हसले, तुम्ही सर्वांत जास्त हसलात. पण चांदूर बाजारचे माझे मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ श्रावणबाबा, हसले नाहीत. त्यांनी बाबांना मांडवामागं नेलं. मी तिथंच होते. ते म्हणाले, "धर्मा, पोरीचा बाप हायेस तू. मुलाच्या बापाले चारचौघात अबे-तुबे करते काय? उद्या त्या घरी पोरीले बोलून दाखवतीन, तवा काय करशीन?"

बाबा "हो दादा" म्हणाले आणि वाढायला निघून गेले. ते पाहूनच मला धसका बसला.

त्या दिवसापासून तुमचा फोन आला की बाबा उभे राहतात. खुर्चीत बसलेले असले तरी उठतात आणि बोलणं संपेपर्यंत बसत नाहीत. आई म्हणाली, "अवो, त्यायले थोडीच दिसून राहिलं?" तर बाबा म्हणाले, "व्याह्याचा फोन हाय." मागच्या शनिवारी अनुपनं आपणहून म्हटलं, "काका, क्रीडन्स लावा ना." बाबा म्हणाले, "नको, जावईबापू, तुमच्या घरी चालतं तेच लावू." आणि मोबाईलवर ईगल्स लावून हात जोडल्यासारखे बसून राहिले. अनुप मला बाहेर येऊन म्हणाला, "मले रडू येऊन राहिलं."

काका, मला तुमच्या घरी यायचं आहे. पण बाबांना मनातलं बोलायला मित्र एकच आहे, आणि तो माझ्या लग्नात खर्ची पडणार असेल तर मला ते लग्न जड जाईल. म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं आहे की बाबा पहिल्यासारखे तुमच्याशी भांडेपर्यंत तारीख काढायची नाही. खाली अनुपचीही सही आहे.

तुमची,
हर्षा
(अनुप)

ता. क. तुमचे दोन्ही बँड मला सारखेच कंटाळवाणे वाटतात. सर्वांत मोठा बँड लिंकिन पार्क. यावर लग्नानंतर सविस्तर बोलू.


अकोला
१५ नोव्हेंबर २०२४

धर्म्या,

हर्षानं मला सगळं कळवलं आहे. तिला रागावू नकोस, रागवायचं ते माझ्यावर. मीही तुझ्यावर रागावलोच आहे.

श्रावणदादांना मी काही म्हणत नाही. त्यांनी वाकलेले मुलीचे बाप पाहिले आहेत, काळजीनं बोलले. पण तू? आपल्या बौद्ध लग्नात कन्यादान नाही. कोणी पोरगी दान देत नाही, कोणी घेत नाही. दोघं बरोबरीनं उभे राहतात आणि एकमेकांना वचन देतात. माझ्या बहिणीच्या लग्नात माईक हातात घेऊन हे तूच सांगितलं होतंस, आणि इतकं लांबवलं होतंस की भात थंड झाला. लोकांच्या पोरींना बरोबरी आणि आपल्या पोरीची वेळ आली की सविनय जयभीम?

तुझ्या क्रीडन्समध्ये दोघे सख्खे भाऊ होते. बिनसलं, एक निघून गेला, मागून बँडही संपला. माझे ईगल्सही भांडून फुटले, चौदा वर्षांनी पुन्हा एकत्र आले. हे मी तुला एरवी ईगल्सची बाजू म्हणून ऐकवतो. आज एवढंच विचारतो, एकमेकांना 'आपण म्हणाल तसं' म्हणत मोठा झालेला एक तरी बँड मला दाखव.

मला व्याही नको होता, धर्म्या. व्याही काय, मुलाचं लग्न केलं की कोणालाही मिळतो. तू विरोधात असलास की मला माझं मत खरं वाटतं. तू मान डोलवायला लागलास तेव्हा एकदा ईगल्स लावून पाहिले, त्यानंतर लावलेले नाहीत. सुभद्रा विचारते, घर इतकं शांत कसं? मला तू पाहिजेस. हे फोनवर बोललो असतो, तर तू पुन्हा उभा राहिला असतास.

म्हणून आता मुलाचा बाप या नात्यानं मागणी करतो. होय, मी हुंडा मागतोय. मला एक पत्र पाहिजे. अबे-तुबेचं, ईगल्सची सालटी काढणारं, ज्यात 'आदरणीय' हा शब्द औषधालाही नसेल. मुलीचा बाप म्हणून नमायचंच असेल तर मुलाच्या बापाची मागणी तुला पुरी करावी लागेल. आणि मागणीला नाही म्हणायचं असेल तर तोंडावर नाही म्हण, तेवढ्यानंही माझं काम होतंय. दोन्हीकडून तू अडकला आहेस.

तोवर तारीख नाही. हे पत्र श्रावणदादांना दाखव.

देवमन


अमरावती
२३ नोव्हेंबर २०२४

अबे देवमन,

तुझं पत्र घेऊन चांदूर बाजारला गेलो. श्रावणदादा ओट्यावर संत्री निवडत बसला होता. त्यानं सगळं वाचून घेतलं, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाला, "मुलाच्या बापानं मांगलं तं द्याच लागते. देऊन टाक त्याले." थोड्या वेळानं विचारतो, "पन ते ईगल म्हंजे काय असते रे?" मी तिथंच मोबाईलवर दोन्ही बँड ऐकवले. तो म्हणाला, "दोघंबी बोंबलूनच राहिले," आणि पुन्हा संत्र्यांकडे वळला.

तर घे तुझा हुंडा.

ईगल्स म्हणजे लग्नाच्या बफेतलं पनीर. सगळे ताटात घेतात, घरी गेल्यावर कोणालाच आठवत नाही. त्यांची रेकॉर्ड अमेरिकेत सर्वांत जास्त खपली म्हणून नाचतोस? खपतो तर युरियाही! आणि बैल बुजल्यावर मालक ओरडतो म्हणालास. 'दृष्टांत समर्पक आहे' हे लिहिताना मी दोनदा पेन खाली ठेवलं, बेट्या. अरे, बैल बुजल्यावर मालकानं ओरडायचं नाही तर काय करायचं? तुझे ईगल्स असते तर चौघं एका सुरात 'थांब रे बैला' म्हणत बसले असते, आणि बैल तोवर परतवाड्याला पोचला असता. दलदलीत न जाता दलदल ऐकवली, यालाच तर कला म्हणतात. तू कधी अणू पाहिलास? मग शिकवत होतास कसा?

आणि दुसरा नंबर पाच वेळा आला म्हणतोस. पाच वेळा पहिल्या नंबरच्या उरावर बसणारा माणूस हरलेला नसतो, मास्तर. आता जरा बरं वाटलं. कॅसेटी खाली काढल्या. ज्योत्स्ना म्हणते, ती मोकळी जागा बरी दिसत होती.

आता खरं सांगतो. मी भ्यालो होतो. साठी आली, हायटेन्शन लाईनखाली आयुष्य गेलं, कधी भ्यालो नाही. पण दादा म्हणाला की पोरीला बोलून दाखवतील, तिथं भ्यालो. तू तसा नाहीस हे मला ठाऊक आहे. तरी वाटलं, आपण तोंड मिटलं तर तिचं काही वाईट होणार नाही. तुझं पत्र वाचल्यावर तिलाच विचारलं, "पोरी, मी तिथं गप्प राह्यलो तं तुले बरं वाटते काय?" ती म्हणाली, "बाबा, तुमी तिथं गप्प राह्यले तं मी तिथं कशी बोलू?"

देवमन, एवढी साधी गोष्ट मला कळली नव्हती.

मुलीचे बाप पाठवणीच्या वेळी हात जोडून एक वाक्य म्हणतात. पोरीचं काही चुकलं तर पदरात घ्या. त्या दिवशी सगळे माझ्याकडे बघतील, दादाही बघेल. मी ते म्हणणार नाही. तिचं चुकलं तर तिला सांग, ती भांडेल. तुझं चुकलं तर ती सांगेल, तेव्हा तू भांड. तिचा आवाज माझ्यावर गेला आहे. तो तुझ्या स्वयंपाकघरातून गच्चीपर्यंत ऐकू आला पाहिजे. ज्या दिवशी ऐकू येणार नाही, त्या दिवशी मी अकोल्याची गाडी पकडीन, आणि व्याही म्हणून येणार नाही, धर्म्या म्हणून येईन.

आता काढ तारीख.

धर्म्या